सहाशे सातच्या पुढं

आधी नुसतं ऐकून घे, मधे काही विचारू नकोस, कारण मधे अडवलंस तर माझाच धागा सुटेल. एक बाई आहे. तिला आपण धाकटी म्हणू, कारण घरात तिला तेच म्हणायचे, आणि चाळिशी उलटून कानामागं पांढरं दिसायला लागलं तरी ती धाकटीच राहिली. ती विजेची मीटरं तपासायच्या खोलीत काम करते. म्हणजे कसं, की लोक तक्रार करतात, आमचं मीटर पळतंय, मग ते मीटर भिंतीवरून उतरवून हिच्यापुढं येतं. ही ते लांबलचक बाकावर अडकवते, शेजारी एक खात्रीचं मीटर असतं, दोघांतून सारखीच वीज सोडायची आणि उभं राहून बघायचं, कोण किती पुढं जातंय. आणि गंमत सांगू, बहुतेक मीटरं बरोबर निघतात. धूळ असते, आत मुंग्या असतात, एकदा तर पालीची अंडी निघाली होती, पण आकडा बरोबर. लोकांना ते पटत नाही. ते म्हणतात, परत तपासा. ही परत तपासते. दिवसभर उभं राहून पाय असे होतात की संध्याकाळी चपलेचा पट्टा पायावर उमटलेला दिसतो, आणि कानात ती बारीक घूं घूं घरी जाऊन ताट वाढेपर्यंत राहते. कुणाला सांगायलाही नको वाटतं असला थकवा. झोपून जात नाही, सुट्टी घेऊन जात नाही, अंगाला लागूनच असतो, आतल्या कपड्यासारखा.

तर एका दुपारी डबा उघडून ती बसली होती आणि फोन थरथरला. ताईचा मेसेज. आता ताई म्हणजे सख्खी मोठी बहीण, याच शहरात, दुसऱ्या टोकाला, आणि पाचेक वर्षांत दोघींचं एक अक्षर बोलणं नाही. धाकटीचा घास हातातच राहिला. पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी गेलं. असं काही अचानक आलं की आपल्याला तेच वाटतं, नाही का? तिनं अंगठ्यानं उघडलं. आत फक्त एवढंच होतं: ३७८२२१. आणि खाली एक शब्द. हातानं.

"कसला नंबर बघताय एवढा?" सीलवाल्यानं विचारलं. हा तिच्यासोबतचा, तपासलेल्या मीटरला सील मारणारा, दिवसभर बडबडणारा माणूस. "लॉटरी लागली असली तर आधीच सांगून ठेवतो, निम्मी माझी. रोज तुमचं लोणचं संपवायला मीच असतो."

"बहिणीचा आहे."

"फोन नंबर? दोन आकडे खाल्लेत की मग. चार खाल्लेत."

तिनं डब्याचं झाकण लावलं. त्या एका शब्दानं, हातानं, तिच्या डोक्याची कातडी मागून ओढल्यासारखी झाली होती. खरंच ओढल्यासारखी, हे उगाच म्हणत नाही मी, त्याचं कारण आहे.

त्यांची आई घरी शिकवण्या घ्यायची. गणिताच्या. बाहेरच्या खोलीत मुलं, आतल्या खोलीत या दोघी, दोन भिंतींना दोन खाटा. आणि दोघी भांडायच्या कशावरूनही, कंपासपेटीवरून, खिडकीवरून, तू माझ्याकडं का बघितलंस यावरून. भांडण झालं की अबोला. अबोला धरला की दोघींपैकी कुणी आधी बोलायचं नाही, मेलं तरी नाही. आई एकदा वैतागली. बाहेर मुलं बसलेली, आत या दोघी भिंतीकडं तोंड करून. ती दारात उभी राहिली, हाताला खडू, आणि म्हणाली, "कुणी आधी उठायचं ते मी सांगणार नाही. नंबर सांगेल." म्हणजे असं, की एकीनं दुसरीला एक मोठा नंबर द्यायचा. दुसरीनं तो हातानं फोडायचा, म्हणजे कशानं भाग जातो ते शोधायचं. फुटला, तर जिनं दिला ती हरली, तिनं उठून दुसरीच्या खाटेवर जायचं. नाही फुटला, तर फोडणारी हरली, तिनं उठायचं.

"जाऊन काय करायचं?" ताईनं विचारलं होतं.

"काही नाही. शेजारी बसायचं."

"आणि बोलायचं?"

"बोलायलाच पाहिजे असं कुठं आहे?" आई म्हणाली आणि शिकवायला निघून गेली.

आईची नंबरांची स्वतःची नावं होती. जो स्वतःशिवाय आणि एकाशिवाय कुणालाच आत घेत नाही, शाळेत ज्याला मूळ संख्या म्हणतात, तो हट्टी. ज्याचे स्वतःला सोडून बाकीचे भाजक मिळवले की त्याच्यापेक्षा जास्त होतात, तो खादाड; बारा खादाड, कारण एक, दोन, तीन, चार, सहा मिळून सोळा होतात. ज्याचे कमी भरतात तो उपाशी. आणि ज्याचे बरोब्बर भरतात, सहा, अठ्ठावीस, ते समाधानी. "समाधानी फार थोडे," आई म्हणायची, "शोधत बसू नका, दमाल." धाकटीला तेव्हा वाटायचं आई नंबरांबद्दलच बोलते आहे. मोठं झाल्यावर वाटायला लागलं की नसेल. आणि आता इतकी दमली आहे की वाटतं, नंबरांबद्दलच बोलत असेल बिचारी, आपणच प्रत्येक गोष्टीला अर्थ चिकटवत बसतो.

आणि केसांचं. सकाळी शाळेआधी आई दोघींना पुढ्यात बसवून वेण्या घालायची, आधी एकीच्या, मग दुसरीच्या, आणि तेवढ्या वेळात हट्टी नंबरांची उजळणी. पाळीपाळीनं. ताई म्हणायची दोन, धाकटी तीन, ताई पाच, धाकटी सात, ताई अकरा, असं चालीवर, वर चढत चढत. धाकटीच्या दुसऱ्या वेणीला रिबिन बांधायची वेळ यायची तेव्हा गाडी सहाशे सातवर आलेली असायची. सहाशे सात ताईचा. ताईनं सहाशे सात म्हटलं की आई गाठ आवळायची, पाठीवर थाप मारायची, "पळा." रोज. म्हणजे बघ, सहाशे सात हा आकडा धाकटीच्या डोक्याला मागून ओढ बसल्याशिवाय कधी आलाच नाही.

तर दुपारी तिनं मीटरं लावली, वीज सोडली आणि रद्दी कागदाच्या मागच्या बाजूला भागाकार मांडायला सुरुवात केली. शेजारी कॅल्क्युलेटर पडलेला. फोनमध्ये आणखी एक. दोन बोटं फिरवली की काम झालं असतं. पण हातानं म्हटलं की हातानं. सम नाही, हे दिसतंच. आकड्यांची बेरीज तेवीस, म्हणजे तीननं नाही. शेवटी एक आहे, पाचनं नाही. सातनं घातला, चार उरले. अकरानं, आठ उरले. तेरानं, बारा उरले, आणि तिचं काळीज उगाचच हललं, कारण आणखी एक असता तर गेला असता. एक. मग मनात आलं, पण मला तो जायला हवाय का? फुटला तर ताईनं उठून यायचं. नाही फुटला तर मी. सतरानं पाच उरले. एकोणीसनं सात. ती प्रत्येक बाकीकडं अशी बघत होती जशी डॉक्टर थर्मामीटर बाहेर काढताना आपण त्याच्या तोंडाकडं बघतो.

कारण मधला अबोला कंपासपेटीचा नव्हता ना. आई शेवटचं वर्षभर ताईकडं होती. धाकटी रविवारी जायची, फळं घेऊन, तासभर बसायची, आईचे पाय दाबायची, आणि कामाचा आठवडा डोक्यात घेऊन परत यायची. आई गेल्यावर, सगळे निघून गेल्यावर, ताईच्या स्वयंपाकघरात दोघी कपबश्या धूत होत्या. ताई विसळत होती, ही पुसत होती. आणि ताई नळाकडं बघतच म्हणाली, "तू पाहुणीसारखी यायचीस. पिशवीसुद्धा दारात ठेवायचीस, जाताना उचलायला बरी." आवाज चढवून नाही. भांडी घासताना माणूस जसं बोलतं तसं. धाकटीनं पुसलेला कप खाली ठेवला आणि म्हणाली, "घरच्यासारखं यायला जागा ठेवली होतीस का तू?" बस, एवढंच. तिसरं वाक्य नाही. बाकीच्या कपबश्या तशाच ओल्या राहिल्या असतील. आणि गंमत बघ, धाकटीला ताईचं वाक्य रोज आठवायचं, पण स्वतःचं फारसं नाही. स्वतःचं ते निव्वळ उत्तर होतं, असं तिला वाटायचं. आज एकतीसनं एकवीस उरले तेव्हा पहिल्यांदा तिला आपलं वाक्य कुणीतरी दुसऱ्यानं उच्चारल्यासारखं ऐकू आलं. आईचं अंथरूण करणारी, आईला कुशीवर वळवणारी, न्हाऊ घालणारी बाई, आणि तिला मी म्हणाले, जागा ठेवली होतीस का. पुढचा. सदतीस. सात उरले.

"बाई, मीटर थांबलंय केव्हाचं," सीलवाला म्हणाला. "तुम्ही कुठं पोचलात?"

"एकशे एकवर."

"ते काय स्टेशन आहे?"

"किती उरले बघू दे," ती म्हणाली. सत्त्याहत्तर उरले होते.

"उरलं ते माझं," तो म्हणाला आणि तिच्या हातातलं मीटर काढून स्वतःच सील मारायला घेऊन गेला. दुपारभर तो असंच काहीबाही बोलत तिचं निम्मं काम करत राहिला, आणि तिनं बघितलं पण आभार मानायचं त्राण नव्हतं. आकडे लांब होत चालले होते. दोनशेच्या घरात, तीनशेच्या घरात. मनात चाल चालूच होती, एक ताईचा, एक माझा, एक ताईचा, एक माझा, आणि ताईच्या वाट्याचा आकडा आला की तो ताईच्या आवाजात यायचा, शाळेतल्या, जरा नाकातून येणाऱ्या. पाचेक वर्षांत तो आवाज तिनं एवढा वेळ ऐकला नव्हता. कागद भरला, दुसरा घेतला. एकदा भागाकार चुकला, परत केला. हे किती वेड्यासारखं आहे हे तिला कळत नव्हतं असं नाही. फोन उचलून ताई म्हणता आलं असतं. पण ताई म्हटल्यावर पुढं काय, ते दोघींना कधीच आलं नाही. आईनं तेवढ्यासाठीच तर नंबर दिला होता.

सुटल्यावर ती बसस्टॉपच्या बाकावर बसली. मांडीवर पर्स, पर्सवर कागद. इथून दोन बस जातात, एक तिच्या घराकडं, एक ताईच्या बाजूला. घराकडची आली, गेली. नवऱ्याचा फोन आला.

"भात टाकू का? की उशीर आहे?"

"ताईचा मेसेज आलाय."

तो म्हणाला, "सगळे ठीक आहेत ना?"

"नंबर पाठवलाय."

"नवा घेतला का त्यांनी?"

"फोनचा नाही. फोडायचाय."

"तुम्ही दोघी अजून शाळेत आहात का गं? बरं, फुटला तर?"

"ती येणार. आपल्याकडं."

"आज? मग मी हॉल आवरतो. सोफ्यावर कपड्यांचा डोंगर आहे."

"अजून नाही फुटलेला."

"न फुटेना का, कपडे तसेही आवरायचे आहेत," तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, हळू आवाजात, "फुटू दे. येऊ देत त्यांना. आपण का जायचं दर वेळी?" दर वेळी म्हणजे कधी, हे तिनं विचारलं नाही. त्या कपबश्यांनंतर ती एकदाही गेली नव्हती.

पाचशेच्या पुढचे हट्टी विरळ होत जातात. पाचशे नव्व्याण्णवनं दोनशे बावन्न उरले. सहाशे एक तिचा स्वतःचा, एकशे ब्याण्णव उरले. सहाशे सात ताईचा. सहाशे सात गुणिले सहाशे तेवीस, वजा केलं. साठ. साठ उरले आणि डोक्याला मागून ती ओढ बसली, पाठीवर थाप, पळा. संपलं. नाही फुटला. हट्टी निघाला. तिनं पेनला टोपण लावलं. आता उठायचं तिनं. तिला वाटलं होतं राग येईल, पण आलं ते वेगळंच, खूप वेळ उभं राहिल्यावर कुणीतरी, बस गं, म्हटल्यासारखं. कुणी आधी जायचं हे आता तिला ठरवायचं नव्हतं. ताईच्या बाजूची बस आली, ती चढली, खिडकीशी जागा मिळाली.

आता इथं नीट ऐक. बसमध्ये ती कागद घडी घालून ठेवणार होती. वरच्या कोपऱ्यात दुपारी सगळ्यांत आधी केलेला गुणाकार होता, कुठं थांबायचं ते ठरवण्यासाठीचा. मोठा नंबर दोन तुकड्यांत फुटत असेल तर एक तुकडा त्याच्या वर्गमुळापेक्षा लहान असतोच, म्हणून तेवढ्यापर्यंतच बघायचं असतं. सहाशे पंधराचा वर्ग, ३७८२२५. ताईच्या नंबरापेक्षा चारनं जास्त. म्हणजे सहाशे पंधराच्या आतले सगळे बघायचे, असं तिनंच लिहून खाली रेघ मारली होती. आणि ती सहाशे सातला थांबली होती. रिबिनीला. तिनं त्या चारकडं बघितलं. चार म्हणजे दोनाचा वर्ग. वर्गातून वर्ग वजा. शाळेतलं पोरही सांगेल, आईनं तर दारातूनच ओरडून सांगितलं असतं: बेरीज आणि वजाबाकी, दोन कंस. सहाशे पंधरा वजा दोन, सहाशे पंधरा अधिक दोन. सहाशे तेरा गुणिले सहाशे सतरा. दुपारभर एकेका आकड्याचं दार ठोठावत बसली ती, आणि किल्ली पहिल्या ओळीतच होती.

फुटला होता. अगदी सरळ, दोनच तुकड्यांत, दोन्ही हट्टी. बस वळली, कुणाचं तरी कोपर तिच्या खांद्याला लागलं, तिला कळलंही नाही. कारण तिच्या ओठांवर ती चाल परत सुरू झाली होती, सहाशे सात ताईचा, आणि त्याच्या पुढचा, जो त्या घरात कधी कुणी म्हटलाच नाही, तो सहाशे तेरा, पाळीनं माझा आला असता. त्याच्या पुढचा सहाशे सतरा, तो ताईचा. आई थांबली तिथून पुढचा तुझा एक आणि माझा एक, आणि त्यांचा गुणाकार. हे काही सहज सुचलेलं नव्हतं. ताई कुठल्यातरी टेबलाशी बसली असेल, चष्मा लावून, हातानं गुणाकार करत.

मग मनानं दुसरी बाजू काढली, दमलेलं मन काढतंच. ताईला पक्कं माहीत असणार की ही सहाशे सातला थांबते. थांबणार, हट्टी म्हणणार, हरले म्हणून उठून येणार. म्हणजे न बोलावता बोलावलं. ताईचं हे असंच, लहानपणापासून, स्वतः हलायचं नाही आणि समोरच्याला वाटलं पाहिजे आपणच निघालो. की ताईला वाटलं, ही आता मोठी झाली आहे, पुढं जाईल, फोडेल, आणि मग मी हरले म्हणून मी जाईन? हरण्यासाठी तिनं स्वतः नंबर बनवला? दोन्ही खरं वाटत होतं. खात्रीचं मीटर असं शेजारी नव्हतंच, की दोघांतून सारखी वीज सोडून बघावी. तिनं फोन काढला, फुटला, असं लिहिलं, आणि पाठवलं नाही. पाठवलं की ताईला यावं लागणार, आणि ही तर निम्म्या वाटेवर. नाही फुटला, असं लिहिलं, तेही पुसलं. खोटं बोलून तिच्या दारात जायचं, म्हणजे तिनं दिलेला सहाशे तेरा तसाच तिच्या हातात परत ठेवायचा, मला दिसलाच नाही म्हणून. उतरून परतीची बस धरावी, असंही आलं मनात. घरी जाऊन वाट बघावी, नियमाप्रमाणं. तेवढ्यात स्टॉप आला आणि गर्दीनं तिला उतरवूनच टाकलं.

जिना तोच. कठड्याचा रंग बदललेला. ती प्रत्येक वळणावर थांबत होती, दम लागला म्हणून आणि दम लागला नसताना. वर पोचून तिनं पर्स खांद्यावर नीट केली आणि घंटीकडं हात नेला, आणि घंटी वाजायच्या आत दार उघडलं.

ताई. पायात चपला घातलेल्या. खांद्याला पिशवी, एका हातात कुलूप. केस बरेच गेले होते तिचे, मागं एवढासा अंबाडा. बाहेर निघालेलं माणूस समोर कुणीतरी आल्यावर जसं मागं सरतं तशी ती अर्धं पाऊल सरली आणि थांबली. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना. धाकटीला दिसलं की पिशवीच्या तोंडातून फळं दिसतायत.

"कुठं निघालीस?" असं धाकटीच्या तोंडात आलं होतं, पण ताईच आधी बोलली. कशी आहेस नाही, ये नाही, काही नाही. कुलूप या हातातून त्या हातात घेत, नाकातल्या त्याच आवाजात तिनं विचारलं,

"फुटला का?"

आणि बघत राहिली. आता बघ, फुटला म्हणावं तर ताई हरली, आणि नियमानं धाकटीनं मागं फिरून आपल्या घरी जाऊन बसायचं, म्हणजे ताईला येता येईल. आणि ताई तर निघालेलीच होती, मेसेजची वाट न बघता. नाही म्हणावं तर ताई जिंकली, धाकटी दारात उभीच आहे, सगळं एका शब्दात मिटतं, फक्त ताईला कायमचं वाटणार की ही त्या रिबिनीच्या गाठीपाशीच थांबली. धाकटीचे पाय ठणकत होते. घशात दोन्ही शब्द शेजारी शेजारी उभे होते. ताईनं कुलूप मुठीत घट्ट धरलं होतं.

तू सांग, त्या दारात तू काय म्हटलं असतंस?